इम्प्लांटवरच्या दाताबद्दलचा तो फॉरवर्ड

‘इम्प्लांट केलंय? मग वर झिर्कोनियाचाच दात घ्या. तुटत नाही, किडत नाही, 15 वर्षांची वॉरंटी. वर भोक असलेला दात दिला तर समजा, काम स्वस्तातलं. आणि काढ-घाल करायची कवळी तर नकोच.’ फॅमिली ग्रुपांवर फिरणाऱ्या या मजकुरात जेमतेम अर्धंच खरं आहे. (इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला खुंट, त्यावर कृत्रिम दात बसतो.)

तुटत नाही? झिर्कोनिया म्हणजे एक कणखर सिरॅमिक, पण तो काही एकाच जातीचा नसतो. दिसायला पांढराफटक असतो तो सगळ्यांत दणकट. खऱ्या दातासारखी झाक असलेला त्या मानाने नाजूक. वर पोर्सेलिनचा थर असेल तर त्याचा टवका उडू शकतो. शिवाय खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, चावताना तो किंचित दबतो. इम्प्लांट थेट हाडात रुजलेला, तो दबणार कसा? झोपेत दात खाणाऱ्यांनी म्हणून आधी चाव्याचं बोलावं, मटेरियलचं नंतर.

किडत नाही, हे खरं. पण भोवती अडकलेलं अन्न साफ केलं नाही तर हिरडी सुजते, खालचं हाड झिजत जातं, आणि बरेचदा दुखत नाही म्हणून कळतही नाही.

आता ते भोक. यावर मला खरंच राग येतो. दात स्क्रूने बसवला की वर भोक राहतं. त्यात नळाला गुंडाळतात तसली पांढरी टेप कोंबून वर दाताच्या रंगाचं फिलिंग भरतात. उद्या स्क्रू ढिला झाला तर फिलिंग काढा, स्क्रू आवळा, झालं. सिमेंटने चिकटवलेला दात दिसायला छान, आणि स्क्रू तिरका असेल तर कधी तोच पर्याय उरतो. पण सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला तर तिथेच सूज धरते, आणि दात काढायचा म्हटलं तर अनेकदा फोडावाच लागतो.

वॉरंटी सहसा फक्त इम्प्लांटवरच्या दाताची असते. हाड आणि हिरडी त्यात येत नाहीत.

कवळीचं म्हणाल तर खालच्या जबड्यात एकही दात नसेल, तर दोन इम्प्लांटवर बटणासारखी बसणारी कवळी ही पहिली पसंती मानावी, असं मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच म्हटलंय. बोटं आखडलेल्या आजींना ती बेसिनवर धुता येते.

वॉरंटीच्या कार्डापेक्षा इम्प्लांटची कंपनी, जाडी आणि लांबी लिहून घ्या. पुण्यात बसवलेला दात उद्या नांदेडला हलला, तर तिथल्या डॉक्टरला आधी तेच विचारावं लागेल.