मेल वाचू नये, चाळावा

मेल आला की उघडायचा, वाचायचा, दोन ओळींचं उत्तर टाकायचं आणि मोकळं व्हायचं, अशी माणसं अजून आहेत म्हणे. तुम्ही त्यातले असाल तर आजपासून सोडा. मेल वाचण्यासाठी नसतो, लावून ठेवण्यासाठी असतो.

सुरुवात फोल्डरांपासून करा. 'कामाचे' असा एकच फोल्डर करून थांबणारा माणूस गबाळा समजावा. 'कामाचे'च्या पोटात 'चालू', 'चालू'च्या पोटात 'वाट पाहणे', त्याच्या पोटात 'त्यांच्याकडून येणे' आणि 'माझ्याकडून जाणे'. यातला शेवटचा उघडायचा नाही. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी आलं तेव्हा त्यांनी फोल्डरऐवजी लेबलं दिली: एकाच मेलला हवी तेवढी चिकटवा. तोवर एक मेल एकाच जागी हरवायचा. आता पाच जागी हरवता येतो.

मग फिल्टर, म्हणजे आलेला मेल कुठे जायचा ते आपोआप ठरवणारे नियम. ही विद्या जुनी आहे. १९९० मध्ये स्टीफन व्हॅन डेन बर्ग यांनी प्रॉकमेल हा मेल चाळणारा प्रोग्राम लिहिला. त्यातल्या नियमांना 'रेसिपी' म्हणत आणि त्या नुसत्या पाहिल्या तरी भूक मरायची. २००१ मध्ये यासाठी सीव्ह नावाची प्रमाणित भाषाच आली. सीव्ह म्हणजे चाळणी. तिच्यात एक मवाळपणा मात्र राहून गेला: जो मेल कुठल्याच नियमात बसत नाही, तो मुकाट्यानं इनबॉक्समध्ये ठेवला जातो. असे निराधार मेल दिसले की ताबडतोब नवा नियम करा. नाहीतर तुम्हाला ते वाचावे लागतील.

नियम जितका ढोबळ तितका चांगला. माझा लाडका नियम सांगतो. जाहिरातीच्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरात 'अनसबस्क्राइब' असतंच असतं. तेव्हा ज्यात हा शब्द आहे ते सगळं 'जाहिराती'त टाका, 'इनबॉक्स वगळा' आणि 'वाचलेला म्हणून खूण करा' या दोन्ही चौकटींत टिक करा. पहिल्याच दिवशी इनबॉक्स निम्मा होतो. इतकं बरं वाटतं की विचारू नका. पुढे एका मित्रानं कुठलंसं माहितीपत्रक मला फॉरवर्ड केलं. वर त्यानं स्वतः लिहिलं होतं, 'अर्जाची मुदत उद्यापर्यंत आहे, तुझं नाव देऊ का?' खाली ते माहितीपत्रक, आणि माहितीपत्रकाच्या तळाशी तो बारीक शब्द. फिल्टरनं चोख काम केलं. महिन्यानं मित्र भेटला तेव्हा जरा तुटकच बोलला. त्याच्यासाठी मी आता 'मित्र' असा स्वतंत्र नियम केला आहे, पण त्याचे मेल येणं थांबलंय, त्यामुळे नियम चालतो की नाही ते कळायला मार्ग नाही.

नियमांचा क्रम हा आणखी एक रम्य विषय. आउटलुकमध्ये नियम वरून खाली चालतात, आणि 'यापुढचे नियम चालवू नका' अशी एक टिक असते. साहेबांच्या मेलचा नियम सातव्या क्रमांकावर आणि 'मीटिंग' शब्दाचा तिसऱ्यावर असेल, तर साहेबांनी बोलावलेली मीटिंग 'सवडीनं'मध्ये जाते. लोक याला चूक म्हणतात. मी रविवारची सकाळ म्हणतो: क्रम वरखाली करा, स्वतःलाच चाचणीचा मेल पाठवा, तो कुठे गेला ते शोधा. जेवणाची वेळ कधी होते कळत नाही.

काही अभ्यासकांनी २०११ मध्ये आपल्या या धर्मावर घाला घातला होता. त्यांनी ३४५ लोक जुना मेल कसा शोधतात ते तपासलं. फोल्डर धुंडाळणाऱ्याला सरासरी ५८ सेकंद लागतात आणि शोधाच्या चौकटीत शब्द टाकणाऱ्याला १७, असं निघालं. शिवाय फोल्डर लावणाऱ्यांना मेल जास्त सापडतात असंही नाही. असेल. पण १७ सेकंदांत मेल सापडला तर लगेच त्याचं उत्तरही द्यावं लागतं, हे त्यांनी हिशेबात धरलेलं दिसत नाही. आपल्याला जे ४१ सेकंद वर मिळतात त्यात निम्म्या वेळा आपण काय शोधत होतो तेच विसरून जातो.

गेल्या महिन्यात मला सिद्धी प्राप्त झाली. सोमवारी इनबॉक्स रिकामा. मंगळवारी रिकामा. बुधवारी मी स्क्रीनचा फोटो काढून घरच्यांना दाखवला. गुरुवारी एकाचा फोन आला: 'अहो, तुमच्याकडे मेल जातच नाहीये, परत येतोय.' मेलबॉक्स भरला होता. इनबॉक्समधून हलवलेला मेल दिसेनासा होतो, जागा मात्र अडवून बसतोच, हे मला ठाऊक होतं. पण इतके साठले असतील असं वाटलं नव्हतं. जागा संपत आल्याची सूचना आधी यायला नको का? आली होती. तीनदा. 'नो-रिप्लाय'वरून येणारं सगळं मी 'सूचना'मध्ये पाठवतो, वाचलेलं म्हणून.

आता जागा संपल्याच्या सूचनेसाठी 'सूचना'च्या पोटात वेगळा फोल्डर केला आहे, लाल रंगाचा. त्यात सध्या दोन मेल दिसताहेत.