जुन्या सिग्नलला हात का लावायचा नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी म्हटलं होतं की उपग्रह दिशादर्शन सुधारताना जुना सिग्नल तसाच ठेवून नवा त्याच्या शेजारी उभा करावा, आणि प्रत्येक उपग्रहावर जादा घड्याळं ठेवावीत. तुम्ही लिहिलंत: "हा भित्रेपणा आहे. आम्ही दोन-तीन वर्षांत फोन बदलतो, उपग्रहांनी जुनं ओझं का वाहायचं? आणि नाविक या भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन यंत्रणेच्या पहिल्या उपग्रहावर तीन घड्याळं होती, तिन्ही बंद पडली. असे ठोकताळे काय कामाचे?"

आधी फोनचं बघू. फोन तुमच्या हातात आहे म्हणून तुम्ही तो बदलता. आमच्या कामाच्या ठिकाणी गच्चीवर अँटेना आणि खाली कपाटात वेळ देणारा एक जुना जीपीएस रिसीव्हर होता, त्याच्याकडे कोणी वर्षानुवर्षं बघतही नव्हतं. २०१९ चा पाडवा ६ एप्रिलला होता. दुसऱ्या दिवशी रविवार. लोकमान्य नगरातल्या घरी सकाळचे पोहे खात होतो, तेवढ्यात फोन आला, "सर, नोंदींवर २२ ऑगस्ट १९९९ पडतंय." जीपीएसच्या जुन्या संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांचा असतो, त्यामुळे १०२४ आठवडे भरले की तो पुन्हा शून्यावर येतो. आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास तेच झालं होतं. तारीख आधीपासून जाहीर होती, पण त्या पेटीत नवं सॉफ्टवेअर चढवायची सोयच नव्हती.

आता विचार करा, ही अडचण सोडवायला कोणी जुन्या संदेशाची रचनाच बदलली असती तर? आमची पेटी तारीख चुकली तरी सेकंद बरोबर देत होती. रचना बदलली असती तर तिला काहीच कळलं नसतं. म्हणून १३ बिटांचा क्रमांक असलेला नवा संदेश नव्या सिग्नलवर दिला गेला आणि जुना चालूच राहिला. उपग्रह काही डझन असतात, त्यांची यादी कार्यालयात सापडते. रिसीव्हर कोणाकोणाच्या कपाटात आहेत याची यादी कोणाकडेच नाही. माझा ठोकताळा एवढ्यावरूनच आला आहे.

नवं नको असं मी कुठेच म्हटलेलं नाही. उलट आपल्या इंदूरला ते इतरांपेक्षा जास्त हवं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना आयनमंडलात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात, विद्युतकणांची दाट पट्टी तयार होते आणि तिचा उत्तरेकडचा माथा आपल्याच भागावर येतो. सूर्यावरच्या घडामोडी जोरात असल्या की दुपारी एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या रिसीव्हरने मोजलेलं उपग्रहापर्यंतचं अंतर काही मीटर, कधी दहा-पंधरा मीटरही चुकतं. दोन वारंवारता मिळाल्या की ही चूक मोजून बरीचशी काढता येते. पण त्यासाठी नुसता उपग्रह पाठवून भागत नाही. जीपीएसचा एल-५ हा वेगळ्या वारंवारतेवरचा नवा सिग्नल २०१० पासून नव्या उपग्रहांवर येऊ लागला, जमिनीवरची नियंत्रण यंत्रणा मात्र मागे पडली. त्यामुळे पुढे कित्येक वर्षं त्याच सिग्नलवर 'वापरू नका' अशी खूण लागलेली होती. उपग्रह, जमीन आणि रिसीव्हर या तिघांतला जो मागे पडेल, सुधारणेची खरी तारीख त्याचीच.

घड्याळांबाबत मात्र तुमचं बरोबर आहे, मीच चुकलो. अंतर सिग्नलला लागलेल्या वेळेवरून काढतात; एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३० सेंटीमीटर, त्यामुळे घड्याळ गेलं की तो उपग्रह दिशादर्शनाला निरुपयोगी. २०१३ साली सोडलेल्या त्या उपग्रहावर तिन्ही रुबिडियम घड्याळं (रुबिडियमच्या अणूंवर चालणारी अचूक घड्याळं) एकाच बनावटीची होती. एकाच बनावटीच्या तीन घड्याळांत दोषही एकच असू शकतो, मग त्यांना तीन आधार कसं म्हणायचं? २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्या नव्या उपग्रहावर अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये विकसित झालेलं देशी घड्याळही आहे. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. तिथे आता 'जादा घड्याळं, आणि त्यातलं निदान एक वेगळ्या बनावटीचं' असं वाचायला मिळेल.