प्रार्थनेचा पुरावा

22 जुलै 2011 रोजी एका नॉर्वेजियन माणसाने ओस्लोतील सरकारी इमारतींपाशी बॉम्बस्फोट करून 8 जणांचे आणि उतोया बेटावरील युवक शिबिरात गोळीबार करून 69 जणांचे प्राण घेतले, आणि हे सारे ख्रिस्ती युरोपच्या रक्षणासाठी केल्याचा दावा केला. या हत्याकांडाच्या स्मरणार्थ दरवर्षी ओस्लोच्या कॅथेड्रलमध्ये उपासना होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या ख्रिस्ती मंडळीत लहानाची मोठी झालेली मी आता याच शहरात राहते आणि त्या उपासनेला जाते.

कॅथेड्रलबाहेर लोखंडी गुलाबांचे स्मारक आहे. देशोदेशींच्या लोहारांनी ते घडवले असून काही गुलाब हल्ल्यातून वाचलेल्यांनी आणि मृतांच्या नातलगांनी स्वतः ठोकून तयार केले आहेत. एखाद्याची पाकळी जाड राहिली आहे, एखाद्याचा देठ वाकडा आहे. तिथून आत जाणाऱ्या कोणालाही, मारेकऱ्याने तुमच्या धर्माचे नाव घेतले तेव्हा तुमची भूमिका काय, असे विचारताना मी ऐकलेले नाही. उतोयाच्या बळींपैकी एका कुर्दी कुटुंबातील मुलीला ओस्लोजवळच्या नेसोडन येथे निरोप देण्यात आला, तेव्हा पाळकबाई आणि इमाम शवपेटीबरोबर चालले होते.

आपल्याकडे काय होते? 22 एप्रिल 2025 रोजी, ईस्टरनंतर दोनच दिवसांनी, पहलगाममध्ये 26 जणांना ठार मारण्यात आले. धर्म विचारून पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या. मृतांत महाराष्ट्रातील सहा जण होते, इंदूरचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता. त्यानंतरच्या रविवारी आमच्या मंडळीने मराठीत आणि मावची या इथल्या आदिवासी बोलीत शांतीसाठी प्रार्थना केली. प्रार्थना चांगलीच झाली, पण नंतर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांमध्ये चर्चा रंगली ती फलकावर तिरंगा ठळक दिसतो की नाही, फोटो कोणकोणत्या वर्तमानपत्रांना पाठवायचे आणि वैऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा बातमीत उल्लेख टाळावा की काय, यावर. माझा थोरला भाऊ पंचांत आहे, म्हणून हे मला सविस्तर कळले.

पंचांना मी दोष देत नाही. त्याच वर्षीच्या पावसाळी अधिवेशनात धुळे-नंदुरबारमधील चर्चच्या बांधकामांचा विषय विधानसभेत निघाला आणि ती पाडण्याची भाषा झाली. शेजारच्या गुजरातमधील डांगमध्ये 1998 च्या नाताळात प्रार्थनास्थळांवर झालेले हल्ले नवापूरची जुनी माणसे विसरलेली नाहीत. अशा वातावरणात हाताशी एखादे कात्रण असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्यांचा पहलगामच्या हत्याकांडाशी काडीचाही संबंध नाही, उलट ज्यांच्या धर्मबांधवाचाही त्यात बळी गेला, त्यांना आपले दुःख खरे असल्याचा दाखला जोडावा लागणे हा अन्याय आहे, आणि हे आपल्या वडीलजनांनी मोकळेपणाने बोलले पाहिजे.

नॉर्वेचे सगळेच आदर्श आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. गुलाब आणि एकजूट यांच्या आड मारेकऱ्याच्या विचारसरणीवरची चर्चा राहून गेली, अशी तक्रार हल्ल्यातून वाचलेली मुले वर्षानुवर्षे करीत आली. हल्ल्याच्या वेळी पंतप्रधान असलेले येन्स स्टोल्टेनबर्ग यांनीही दहाव्या स्मृतिदिनी याच कॅथेड्रलमध्ये, द्वेष अजून संपलेला नाही, अशी कबुली दिली. शांतीच्या प्रार्थनेने गुन्ह्यावर पांघरूण पडता कामा नये, ही त्या मुलांची अपेक्षा मला रास्त वाटते.

वैऱ्यासाठी प्रार्थना म्हणजे बोटचेपेपणा, असे गावाकडचे काही जण म्हणतात. ती तर ख्रिस्ताची आज्ञाच आहे, आणि तिने कायद्याचे हात बांधले जात नाहीत. 2012 मध्ये इथल्या न्यायालयाने त्या मारेकऱ्याला 21 वर्षांची, पुढे वाढवता येणारी कैद सुनावली आणि 2022 मध्ये त्याचा सुटकेचा अर्ज फेटाळला. उपासना आणि शिक्षा दोन्ही चालू आहेत.

भावाला मी कळवले आहे की, पुढच्या 22 एप्रिलला सव्वीसच्या सव्वीस नावे उपासनेत मोठ्याने वाचावीत, घोडेवाल्याचेही वाचावे, धर्म विचारून मारले हे स्पष्ट म्हणावे, मारणाऱ्यांचे मन पालटावे म्हणूनही प्रार्थना करावी, आणि त्या दिवशी कोणत्याही वर्तमानपत्राला फोटो पाठवू नये.