साडेसात लाखाची गाडी, चाळीस लाखाच्या गाडीचे पार्ट

या आठवड्यातला हा तिसरा फोन. "दादा, पुण्याच्या डॉक्टरची गाडी हाय, सिंगल हॅन्ड, साडेसात लाखात भेटून राह्यली. घेऊ काय?" सोयाबीन घरात आलं, चार पैसे हातात दिसू लागले की असे फोन सुरू होतात. जुनी महागडी गाडी घ्यावी का, घेतली तर विमा आणि देखभाल कशी बघावी, हे प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

माझ्याकडे २०१४ ची जर्मन सेडान आहे. दोन लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक. २०२२ च्या शेवटी घेतली, म्हणजे आठ वर्षं जुनी असताना. कारंजा तालुक्यातल्या आमच्या गावात अशी गाडी उभी राहिली तेव्हा बरंच ऐकून घ्यावं लागलं. "वावरात राबणाऱ्या मानसानं एवढी गाडी कायले घ्या?" हा प्रश्न मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दर महिन्याला त्यांना नागपूरला न्यावं लागे. आधीच्या छोट्या गाडीत तासाभरातच त्यांचं कण्हणं सुरू व्हायचं, ते लपवायला ते खिडकीबाहेर बघत बसायचे. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्ग सुरू झाला, आणि त्यानंतर या गाडीने त्यांना पहिल्यांदा नेलं तेव्हा ते वर्ध्याच्या पुढे गेल्यावर झोपले. नागपूर येईपर्यंत उठले नाहीत. ती झोप मी विसरणार नाही. म्हणून शेतकऱ्याच्या घरी चांगली गाडी असू नये, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. सुरक्षित सीट, सहा एअरबॅग, वेगात न डगमगणारी बॉडी यांवर शहरातल्या माणसाचा जेवढा हक्क आहे तेवढाच आपलाही आहे.

पण घेताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. गाडी जुनी होते, तिचे पार्ट जुने होत नाहीत. तुम्हाला ती साडेसात लाखात मिळाली तरी तिचा हेडलाइट चाळीस लाखाच्या गाडीचाच आहे. मला एका हेडलाइटचा भाव १ लाख १० हजार सांगितला होता. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे हमीभाव मिळाला असं धरलं तरी वीस क्विंटलच्या वर सोयाबीन एका दिव्यात जातं. तीन एकरांचं पीक! विम्याचं सगळं गणित या एका आकड्यावरून सुरू होतं, आणि आपल्याकडे गाडी बघताना लोक बोनेट उघडून पाहतात, रंग पाहतात, पण पॉलिसी कुणी उघडून पाहत नाही.

माझ्या मावसभावाचं सांगतो. त्याची परवानगी घेऊन लिहितो आहे, कारण हे इतरांना कळावं असं त्यालाच वाटतं. त्याने पावसाळ्यात गाडी घेतली. विकणारा म्हणाला, पॉलिसी चालू आहे, अजून सात महिने बाकी आहेत, काही काळजी नाही. पहिल्या मालकाच्या सह्या केलेले मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, तारखेची जागा कोरी, तसेच गाडीच्या कप्प्यात पडून राहिले. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता कापूस वेचणीला आला. एका रात्री मंगरूळपीरकडून येताना तुरीतून रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून थेट समोर आला. बोनेट, रेडिएटर, दोन्ही दिवे, समोरच्या दोन्ही एअरबॅग. भावाच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही, आणि त्यासाठी मी त्या गाडीचे उपकार मानतो. वर्कशॉपने खर्च काढला ६ लाख ४० हजार. क्लेम टाकला आणि दोन ओळींचं पत्र आलं: पॉलिसी तुमच्या नावावर नाही, क्लेम देता येत नाही.

त्याला वाटलं कंपनीने फसवलं. मलाही आधी तसंच वाटलं. मग वकिलांकडे बसून कागद वाचले तेव्हा कळलं की कायदाच तसा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १५७. गाडी विकली की थर्ड पार्टीचा विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई थांबत नाही. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओन डॅमेज म्हणतात, तो आपोआप येत नाही. तो कंपनी आणि पहिला मालक यांच्यातला करार. नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. भावाकडे गाडी होती, करार नव्हता. पहिल्या मालकाकडे करार होता, गाडी नव्हती. दोघांपैकी कुणालाच पैसे मिळाले नाहीत.

याहून मोठी गोष्ट मला त्या वकिलांनी सांगितली आणि त्या रात्री झोप लागली नाही. पॉलिसीसोबत गाडी चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो मिळण्यासाठी चालवणारा माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक असावा लागतो, आणि पॉलिसीवरही त्याचंच नाव लागतं. त्या रात्री भावाचं काही बरंवाईट झालं असतं, तर वहिनीच्या हातात त्यातला एक रुपया पडला नसता. दोन फॉर्म आरटीओत नेऊन दिले नाहीत आणि पॉलिसी नावावर केली नाही, एवढ्याच कारणाने.

विकणाऱ्यांनीही हे वाचावं. "गाडी दिली, पैसे घेतले, विषय संपला" असं आपण समजतो. आर.सी. बुकावर नाव तुमचंच असेल तर नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे: नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, मग गाडी मधे चार हात फिरलेली असो.

आता पॉलिसी घेताना काय बघायचं. इंजिन १५०० सीसीच्या वर असेल तर थर्ड पार्टीचा हप्ता जून २०२२ पासून ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. हा सगळीकडे सारखा, यात घासाघीस नाही. खरा प्रश्न आयडीव्हीचा, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण खलास झाली तर किती रक्कम मिळेल त्याचा. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो, पाच वर्षांनंतर तो आकडा कंपनी आणि आपण मिळून ठरवतो. इथेच आपलं नुकसान होतं. हप्ता तीन-चार हजारांनी कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही खाली ओढतो आणि आपण खुश होतो. साडेसात लाखाच्या गाडीची आयडीव्ही साडेचार लाख लिहिली, तर उद्या गाडी जळाली तेव्हा तीन लाख आपण स्वतःच्या हाताने सोडून दिलेले असतात. मी एजंटसमोर बसून आकडा ठरवतो आणि कागदावर बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

दुसरं, झिरो डेप, म्हणजे पार्टच्या वयाप्रमाणे पैसे न कापणारं कव्हर. गाडी पाच-सात वर्षांच्या पुढे गेली की बहुतेक कंपन्या ते देत नाहीत. मग क्लेम पास झाला तरी रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांचे अर्धेच पैसे मिळतात. लोखंडी पार्टवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के कापतात, दहाच्या वर ५० टक्के. फक्त काच पूर्ण मिळते. वर दोन हजार सक्तीचे आपल्याकडून. म्हणजे "फुल्ल विमा आहे" असं म्हणणाऱ्या माणसालाही मोठ्या अपघातात दोन-तीन लाख खिशातून लागतात. हे आधी माहीत असलं की माणूस तयारीत राहतो.

तिसरं, पाणी. इंजिनात पाणी शिरून ते जाम झालं तर साधी पॉलिसी पैसे देत नाही, त्याला इंजिनाचं वेगळं कव्हर लागतं. माझ्या गाडीच्या वयाला ते मिळालं नाही. म्हणून आमच्या नाल्याच्या रपट्यावर घोटाभर पाणी दिसलं तरी मी थांबतो. मागून ट्रॅक्टरवाले ओरडतात, "काढा ना भाऊ, काई होत नाही." ट्रॅक्टरचं खरंच काही होत नाही. या गाड्यांची हवा ओढायची नळी खाली असते. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि समजा गाडी पाण्यात बंद पडलीच, तर हात जोडून सांगतो, परत सेल मारू नका. ढकलून बाहेर काढा. अर्धी इंजिनं त्या दुसऱ्या सेलने जातात.

उंदरांचं मात्र मला कुणीच सांगितलं नव्हतं. सुरुवातीला गाडी कापसाच्या खोलीला लागून शेडात उभी करायचो. २०२४ च्या हिवाळ्यात एका सकाळी डॅशबोर्डवर तीन दिवे एकदम लागले, गाडी सुरू झाली पण वेग घेईना. बोनेट उघडलं तर इंजिनाच्या झाकणावर सरकीसकट कापसाचा बोळा, त्यात सोयाबीनची फोलपटं, आणि बाजूला बोटभर वायरचे तुकडे, तांब्याची टोकं उघडी पडलेली. शोरूमने सांगितलं, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरांचा सगळा जुडगा, बदलावा लागेल, लाखाच्या वर. अमरावतीला एक मिस्त्री आहे, गाडीच्या कॉम्प्युटरला लावायचा स्कॅनर स्वतः ठेवतो. त्याने दिवसभर बसून एकेक वायर जोडली, सोल्डर केली, स्लीव्ह चढवली. साडेसहा हजार. क्लेम टाकला नाही, कारण एकदा क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढावं लागतं. दोन हजार आधीच कापले, प्लास्टिकचे अर्धे गेले, तर हातात काय आलं असतं? आता गाडी उघड्यावर, लिंबाखाली, चार खांबांवर टाकलेल्या टिनाखाली असते आणि दर रविवारी बोनेट उघडून बघणं हे माझं ठरलेलं काम आहे. छोट्या खर्चाला क्लेम टाकायचाच नसतो असं माझं ठाम मत झालं आहे. विमा रोह्यासाठी, पुरासाठी, आगीसाठी.

देखभालीचं थोडक्यात. गाडीचा कॉम्प्युटर ऑइल बदलायला किती का सांगेना, आपल्या धुळीत मी दर दहा हजाराला बदलतो, एअर फिल्टर त्याच्याही आधी. गिअरबॉक्सचं ऑइल "लाइफटाइम" असतं असं सांगतात, ते ऐकू नका. मी साठ हजाराला बदललं आणि झटके गेले. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कूलंटचे प्लास्टिकचे पाइप आणि चाकाजवळचे रबरी बुश तडकतात, मे महिन्याच्या आधी ते दाखवून घ्या. बॅटरी बदलली तर ती स्कॅनरने गाडीत नोंदवून घ्या, नाहीतर चार्जिंग जुन्याच हिशोबाने होतं आणि नवी बॅटरी लवकर मरते. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असा टायर घेऊन समृद्धीवर १२० ने जाऊ नका, नक्षी कितीही शिल्लक दिसो. पार्ट शोरूमचाच पाहिजे असंही नाही. ज्या कारखान्याचा पार्ट गाडीत कंपनी बसवते, त्याच कारखान्याचा, फक्त डब्यावर वेगळं नाव असलेला, दिल्लीच्या काश्मिरी गेटवरून अर्ध्या भावात कुरिअरने येतो. पण बिल आणि पार्ट नंबर मागून घ्या.

दिल्लीवरून आठवलं. तिथे दहा वर्षांच्या वरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा नियम आला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. तेव्हापासून तिकडच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात येऊ लागल्या. भाव बघून डोळे फिरतात. पण दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवायची तर तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला कर, इथलं पासिंग, हे सगळं आलं. ते मूळ भावात धरल्याशिवाय गाडी स्वस्त की महाग हे ठरत नाही.

आणि पैशाचं. साडेसात लाख जवळ असतील तर साडेपाच-सहाची गाडी घ्या. उरलेले दीड-दोन लाख वेगळ्या खात्यात, बायकोच्या नावावर टाका आणि त्याला बी-बियाण्यासाठीसुद्धा हात लावू नका. माझ्या खात्यातून चार वर्षांत दोनदा मोठी रक्कम गेली. दोन्ही वेळा गाडी आठवड्यात परत रस्त्यावर आली, कारण पैसे तयार होते. भावाची गाडी अजून शेडात आहे, ताडपत्रीखाली. कर्जाचा हप्ता चालू आहे.

फोन करणाऱ्या पोराकडून मी काल आर.सी.चा फोटो मागवला. नाव डॉक्टरचंच आहे, पण त्याखाली बँकेचा बोजा अजून दिसतो. एजंट म्हणतो कर्ज कधीचं फिटलं. फिटलं असेलही. त्याला सांगितलं, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत टोकनचा एक रुपया देऊ नको. सोमवारी तो पुण्याला चालला आहे. चेसिस नंबर मी लिहून घेतला आहे, सर्व्हिसची नोंद निघते का ते उद्या बघतो.