इंजिन बंद केलं की यान थांबतं?

अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना मी दर वर्षी एक प्रश्न विचारते. अंतराळात, सगळ्या ग्रहताऱ्यांपासून लांब, यानाचं इंजिन बंद केलं तर काय होईल? बाहेरून बल लागलं नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालतच राहते, हा न्यूटनचा पहिला नियम घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा सांगतात, "थांबेल ना मॅडम, हळूहळू."

मुलांना मी दोष देत नाही. पॅडल मारायचं सोडलं की सायकल थांबते, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. त्यात अंतराळातल्या लढायांचे कितीतरी गेम हेच पक्कं करतात. यान विमानासारखं कलून वळतं, बटण सोडलं की मंदावतं, निर्वात पोकळीत स्फोटांचे धडाडधूम आवाज येतात. तासन्‌तास असं यान चालवलेल्या बोटांना पुस्तकातली एक ओळ कशी पटावी?

म्हणून गेम बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं मत बदललं ते भाच्यामुळे. तो 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' खेळतो. मेक्सिकोतल्या स्क्वॉड कंपनीचा हा गेम २०११ पासून मिळतो. एकदा शेजारी बसून पाहिलं. त्याला कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचं होतं. तो पुढच्या दिशेने इंजिन मारत राहिला आणि अंतर वाढतच गेलं. तीनदा चिडला. मग यान उलटं फिरवून त्याने चक्क ब्रेक मारला. कक्षा खाली आली, खालची फेरी लहान आणि वेगही जास्त, आणि दोन फेऱ्यांत त्याने ते यान गाठलं. "मावशी, पुढे जायला मागे ढकलायचं!" हे मी फळ्यावर सूत्र मांडून शिकवते, त्याला ते हाताला कळलं होतं.

गेममध्ये सगळंच खरं नाही. त्यातल्या कर्बिन ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, तरी गुरुत्वाकर्षण पृथ्वीइतकं. म्हणजे त्याची घनता सोन्याच्या तिप्पट हवी! पण ही सूट खेळ आटोपशीर व्हावा म्हणून घेतलेली. गतीचे नियम मात्र पाळलेत.

२०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ निघालं, तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली, अपोलो ११ चार दिवसांत उतरलं, मग आपल्याला चाळीस दिवस कशाला? उत्तर भाच्याने दिलं. आपलं रॉकेट लहान. म्हणून यान पृथ्वीजवळ, सर्वांत वेगात असताना थोडं थोडं इंजिन चालवायचं, की दर वेळी कक्षेचं पलीकडचं टोक लांब जातं. ते टोक साधारण ३६,५०० किलोमीटरवरून सव्वा लाखाच्या पुढे गेलं आणि १ ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लागलं. नववीतल्या मुलाचं हे उत्तर मोठ्यांनी शांतपणे वाचलं.

यंदा मी हा गेम दाखवायला लॅपटॉप वर्गात नेला. अंतराळ स्थानकात, ४०० किलोमीटरवर, गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. तिथले लोक तरंगतात कारण स्थानकासकट ते सतत पडत असतात, हे कक्षा दाखवत सांगितलं. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मग चंद्रपण पडतोय का?"

उरलेला तास आम्ही चंद्रावरच घालवला.