अक्षरं दिली, आता नीट शब्द द्या ना!

टी, ई, ए ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द हवेत, एवढंच तर विचारलं! पण शब्द शोधून देणारी साधनं बनवणाऱ्यांना यात तीन वेगळे प्रश्न आहेत हेच कळत नाही. फक्त तीच अक्षरं हवीत तर 'ईट', त्याच क्रमाने सलग हवीत तर 'स्टीम', कुठेही चालतील तर 'प्लेट'. हे मात्र सगळं एकाच यादीत कोंबतात! दोन एल मागा, एकाच एलचे शब्दही हजर. स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळातही हाच ताप: १०० सोंगट्यांत क्यू एकच, १० गुणांचा. क्यूच्या जोडीला बहुतेकदा लागणारा यू हाताशी नसताना क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द तारतो, आणि यांच्या यादीत नेमका तोच विशेषनामांच्या ढिगाखाली गाडलेला. विशेषनामं खेळात चालतच नाहीत हो! क्रम, लांबी, दुबार अक्षरं यांचे वेगळे रकाने द्यायला काय जातं यांचं?