साबुदाण्याएवढी फुली

लासलगावचा आजचा कांद्याचा भाव मोबाइलवर बघायला दहा सेकंद पुरतात असं ज्याला वाटतं, त्याने तो कधी बघितलेलाच नाही. पान उघडतं. 'सरासरी' हा शब्द दिसतो. त्याच्या पुढचा आकडा दिसणार एवढ्यात वरून पाटी उतरते : सूचना हव्यात का? ती हटवावी तर मधोमध चौकोन : अभिनंदन, आजचे भाग्यवान तुम्हीच! तो मिटवायला जावं तर नवी खिडकी उघडून गुडघेदुखीचं तेल हजर. तिथून परतायला बॅक दाबलं की तेच तेल पुन्हा, या वेळी अर्ध्या किमतीत. तोवर लासलगावात लिलाव उरकून ट्रॅक्टर घरी गेलेले असतात.

नाशिककराला खरं तर याची सवय हवी. नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर पाऊल पडायच्या आत "शिर्डी, शिर्डी, एकच सीट!" म्हणत जो आपल्या बॅगेला हात घालतो, तो हाडामांसाचा पॉप-अपच, न बोलावता वर येणारी खिडकी. आपण राहतो जेलरोडला, निघालोय दूध आणायला, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. पण "नको दादा" म्हटलं की तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. मोबाइलवरच्याला नको म्हणायला जी फुली ठेवलेली असते ती साबुदाण्याएवढी. तोही न भिजलेला.

भिजण्याचा मुद्दा मी उगाच काढत नाही. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बोटाने दाबायच्या बटणाला ४८ डीपी (हे पडद्यावरचं माप), म्हणजे जवळजवळ ९ मिलिमीटर जागा द्यावी. अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगतं. भिजून टरारलेला साबुदाणासुद्धा या मापाला पुरत नाही, इथे तर कोरडा दाणा आणि तोही पांढऱ्यावर फिकट राखाडी. ही चित्रकाराची चूक नव्हे. फुली हुकली की बोट जाहिरातीवर पडतं, आणि बऱ्याच जाहिरातींचा हिशेब बोटांवर, म्हणजे क्लिकवर, चालतो. आपला अंगठा जाड असणं हे कुणाचं तरी उत्पन्नाचं साधन आहे. त्यातही काही फुल्या पाच सेकंद उशिरा उगवतात, आणि काही फुल्या फुल्याच नसतात, जाहिरातीत रंगवलेलं चित्र असतं. त्यांच्यावर कितीही दाबा, तेलच निघतं.

हे पाप मुळात कोणाचं, याची नोंद आहे. इथन झुकरमन हे गृहस्थ १९९० च्या दशकात ट्रायपॉड या फुकट वेबपानं देणाऱ्या अमेरिकन कंपनीत होते. एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात नको तसल्या पानावर झळकली आणि कंपनी हबकली. मग तोडगा निघाला : जाहिरात पानावर नकोच, वेगळ्या छोट्या खिडकीत दाखवू, म्हणजे दोघांचा संबंध जोडला जाणार नाही. त्या खिडकीचा कोड झुकरमन यांनी लिहिला. २०१४ मध्ये त्यांनी लेख लिहून जाहीर माफीही मागितली. हेतू चांगला होता म्हणे. माझं मत विचाराल तर या सिंहस्थात रामकुंडावर त्यांच्यासाठी एक पायरी राखून ठेवावी.

पुढे लोक इतके वैतागले की २००२ मध्ये अर्थलिंक या अमेरिकन इंटरनेट प्रोव्हायडरने आपल्या ग्राहकांना पॉप-अप अडवणारं सॉफ्टवेअर देऊ केलं. ऑपेरा ब्राउझरमध्ये ही सोय आधीच होती आणि मोझिला या दुसऱ्या ब्राउझरमध्येही आली होती. गंमत केली नेटस्केप या ब्राउझरवाल्यांनी. मोझिलाच्याच पायावर त्यांनी ७.० ही आवृत्ती बांधली आणि नेमका पॉप-अप अडवणारा भाग काढून टाकला. मालक एओएल ही अमेरिकन इंटरनेट कंपनी, आणि एओएलच्या घरी जाहिरातींचंही उत्पन्न येई. कुंपणानेच शेत खाल्ल्यावर ओरड झाली, ७.०१ मध्ये तो भाग निमूटपणे परत आला. इंटरनेट एक्स्प्लोररला जाग आली २००४ च्या ऑगस्टमध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर.

आता आजचा प्रश्न. "आमचा केबलवाला महिन्याला पैसे घेतो, त्याने हे का अडवू नये?" गंगापूर रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर उभं राहून बघा. वॉचमन गाडीचा नंबर लिहून घेतो, डिकी उघडत नाही. प्रोव्हायडरचं तसंच आहे. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलं की पान कुलूपबंद येतं. कोणत्या साइटवरून आलं एवढं त्याला कळतं, आत भाव आहे की तेल हे कळत नाही. फार तर तो डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणाऱ्या वहीत, जाहिरातींच्या ठरावीक साइट्सवर काट मारू शकतो. आणि जिथे कुलूप नाही, साधं एचटीटीपी आहे, तिथे काही प्रोव्हायडर उलट स्वतःचीच जाहिरात गाडीत टाकून पाठवतात. ओळखायचं कसं? तेच पान वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. जाहिरात गायब झाली तर गडबड पानात नाही, वाटेत आहे.

वाटेतला दुसरा संशयित म्हणजे घरचा राउटर. आपण वायफायचा पासवर्ड नातवाच्या नावाने ठेवतो आणि राउटरचा स्वतःचा पासवर्ड कारखान्यातून आलेला 'अ‍ॅडमिन' तसाच राहतो. कुणी आत शिरून डीएनएस बदलला की घरातले सगळे फोन एकदम तेलात. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा राउटरच्या पोटावर छापलेला पत्ता उघडून डीएनएसचा रकाना बघा. 'आपोआप' असेल, नाहीतर १.१.१.१, ८.८.८.८ असे ओळखीचे किंवा प्रोव्हायडरने दिलेले आकडे असतील तर ठीक. भलतेच आकडे असतील तर मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट दहाएक सेकंद दाबून धरायचं. मात्र त्याआधी (हे वाक्य दोनदा वाचा) पीपीपीओई जोडणी (युजरनेम-पासवर्ड टाकूनच चालणारी) असेल तर तिचं युजरनेम आणि पासवर्ड कागदावर उतरवून ठेवा. रिसेटमध्ये तेही पुसले जातात. मग केबलवाल्याला फोन, त्याचं "दादा, पोरगा पाठवतो", आणि तो पोरगा सोमवारी. पॉप-अप मात्र त्या तीन दिवसांत एकही येत नाही, हे कबूल करायला हवं.

मुख्य पहारा ब्राउझरचा. त्याचा नियम सोपा आहे : पानाने आपण होऊन नवी खिडकी उघडायची नाही, माणसाने बोट लावलं तरच, आणि एका स्पर्शाला एकच. नियम चोख, पण त्यातच मेख आहे. ज्याला खिडकी उघडायची त्याने तुमचं बोट मिळवलं की झालं. म्हणून ही मंडळी अख्ख्या पानावर एक पारदर्शक थर पसरतात. आपण 'सरासरी'वर बोट ठेवतो, ते पडतं त्या न दिसणाऱ्या काचेवर, आणि ब्राउझर म्हणतो, साहेबांनीच दार उघडायला सांगितलं. म्हणूनच पहिला स्पर्श फसतो आणि दुसऱ्यांदा तीच जागा शहाण्यासारखी वागते.

शिवाय "ब्लॉकर चालू आहे, तरी येतातच" ही तक्रार. येणारच. ब्लॉकर खिडक्या अडवतो. तो मधोमध येणारा भाग्यवान चौकोन खिडकी नसतोच, पानाच्याच मजकुराचा तुकडा असतो, वर तरंगणारा. त्याच्यासाठी क्रोमने दुसरी काठी काढली. 'कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' या संस्थेने सुरुवातीला छळाचे बारा प्रकार ठरवले, चार संगणकावरचे, आठ मोबाइलवरचे. त्यात तरंगते चौकोन आहेत, आपोआप किंचाळणारे व्हिडिओ आहेत आणि मोबाइलच्या पानाच्या उंचीपैकी ३० टक्क्यांहून जास्त जागा खाणाऱ्या जाहिरातीही आहेत. हे प्रकार सोडत नाही त्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम बंद करतं. अमेरिका-युरोपात हे १५ फेब्रुवारी २०१८ ला सुरू झालं, आपल्यापर्यंत ९ जुलै २०१९ ला पोचलं. तुमच्या फोनवर ते चालू आहे का बघायला क्रोमचे तीन टिंब, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज. तिथे 'पॉप-अप आणि रीडायरेक्ट' एक, अनाहूत जाहिरातींचं दुसरं, दोन्ही ब्लॉकवर हवीत. अर्थात जाहिरातीचं भलंमोठं दुकान चालवणारं गुगलच इथे पंच आहे, एवढं मनात ठेवून शिट्टी ऐकावी.

आता सगळ्यात चिवट प्रकार, आणि हा आपणच घरात घेतलेला असतो. "मी रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा." आपण रोबोट नाही याचा आपल्याला इतका अभिमान की लगेच दाबतो. झालं. ती परवानगी सूचनांची असते. आता ब्राउझर मिटलेला असताना, फोन खिशात असताना, आपण द्वारका चौकात अडकलेले असताना ठणठण वाजणार : तुमच्या फोनमध्ये चार व्हायरस! वेबपानाला तुमचा फोन तपासता येत नाही, त्यामुळे ते चार कुठून मोजले हे विचारू नये. उपाय : त्या सूचनेवर टॅप न करता बोट दाबून धरा, सेटिंग्जमध्ये साइटचं नाव दिसेल, तिथेच बंद करा. मग साइट सेटिंग्जमधल्या 'सूचना' या यादीत जाऊन बाकीचे भाडेकरूही बघा. वडीलधाऱ्यांच्या फोनवर ही यादी पंचवटीतल्या जुन्या वाड्यासारखी असते, कोण कधी राहायला आलं हे मालकालाही आठवत नाही.

ब्राउझर उघडाच नाही, कुठली सूचनाही नाही आणि तरी पूर्ण पडदाभर जाहिरात येते? मग एखादं अ‍ॅप. बहुधा टॉर्च, क्लीनर किंवा वॉलपेपरचं. (टॉर्च फोनमध्ये जन्मापासून असतो, राव.) जाहिरात दिसत असतानाच रिसेंटचं चौकोनी बटण दाबा, वरच्या कोपऱ्यात ती कोणाची आहे त्याचं चिन्ह दिसतं. नाहीतर सेटिंग्जमध्ये 'इतर अ‍ॅप्सवर दाखवा' ही खास परवानगी शोधा आणि यादीत जे अनोळखी दिसेल ते काढा. काढू देत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून घातलेली अ‍ॅप्स झोपवून, सुरू करून काढा. गुगलने फेब्रुवारी २०२० मध्ये असली सुमारे ६०० अ‍ॅप्स एका झटक्यात दुकानातून हाकलली होती, तेव्हा बाजार किती मोठा आहे कळावं.

ज्यांना एकाच घावात अख्ख्या फोनचा निकाल लावायचाय त्यांच्यासाठी अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. नेटवर्क आणि इंटरनेटमध्ये सापडतं. सॅमसंगवाल्यांनी कनेक्शन्समध्ये 'अधिक' खाली बघावं. तिथे प्रोव्हायडरच्या नावाचा पर्याय निवडून डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड आडवी रेघ डीएनएस डॉट कॉम असं रोमन अक्षरांत (dns.adguard-dns.com) लिहायचं. पुढे-मागे काही जोडायचं नाही, मोकळी जागा नको. यामुळे जाहिरातींच्या साइट्सचे पत्तेच मिळत नाहीत, ब्राउझर असो वा अ‍ॅप. पण यूट्यूबच्या जाहिराती जात नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच घरून येतात. आणि एखाद्या हॉटेलच्या वायफायने ८५३ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे या डीएनएसची ये-जा करायची वाट, अडवलं तर अख्खं इंटरनेटच बसतं. तेव्हा राउटरला, केबलवाल्याला, सरकारला शिव्या देण्याआधी ही सेटिंग तात्पुरती बंद करून बघावी. फायरफॉक्स वापरायची तयारी असेल तर त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं ठिगळ) घाला, अँड्रॉइडवरही चालतं आणि तरंगते चौकोनही पुसतं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यापासून संगणकावर त्याची धाकटी पाती, 'लाइट', तेवढी उरली. मोबाइलच्या क्रोममध्ये तीही नाही.

संगणकावर पडदाभर लाल इशारा आणि खाली फोन नंबर आला तर तो नंबर लावायचा नाही. एस्केप दाबून धरा, नाहीतर ऑल्ट-एफ४. तरी हलत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप करून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा. पुन्हा उघडल्यावर "आधीची पानं परत आणू का?" या प्रश्नाला हो म्हणणारे लोक असतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे उपाय नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उद्या नाही.

हा सगळा बंदोबस्त झाला की एक दिवस फी भरायची असते. पैसे कापले जातात, पावती मात्र येत नाही. कारण पावती नव्या खिडकीत उघडायची होती, आणि सर्व्हर विचार करत बसला तेवढ्यात तुमच्या बोटाची मुदत संपली. क्रोममध्ये ती पाचेक सेकंदांचीच असते. पहारेकऱ्याने एवढ्या वर्षांत पकडलेला पहिला कायदेशीर पाहुणा! पैसे पुन्हा भरू नका. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे बारीक खिडकीचं चिन्ह येतं, फोनवर पट्टी दिसते. त्या एका साइटला परवानगी द्या आणि पावती पुन्हा मागा.

आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी ठरवून दिले. मजकुराचं सोंग घेतलेली जाहिरात त्यात आहे, सारखी भुणभुण आहे, खोटा व्हायरस दाखवणंही आहे. साबुदाणा वेगळा लिहिलेला नाही. जाहिरातींशी माझं भांडण नाही, मेन रोडवरच्या दुकानांच्या पाट्या मी आवडीने वाचतो. त्या आपापल्या जागी असतात, अंगावर येत नाहीत, एवढंच.

तर ब्राउझर बदलला, डीएनएस टाकला, सूचना छाटल्या, टॉर्च काढला. कांद्याचं पान उघडलं की आता स्वच्छ, रामकुंडाच्या पहाटेसारखं. सरासरी, आणि पुढे आकडा, ठळक. खाली तारीख परवाची.